आंबट गोळी

सहादेवचं पत्र शामकांतने दोनदा वाचून दाखवलं, तरी रंगुबाईचं समाधान होईना. "त्ये पुडीचं पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

शामकांत गोळ्यांच्या कारखान्याचा केमिस्ट. पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलेला, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. नगरच्या छावणीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये आवळ्याच्या गोळ्या बनत. चव्वेचाळीस साल चालू होतं. पलटणी ब्रह्मदेशात होत्या आणि तिकडे ताजी फळं-भाजी नाही, म्हणून शिपायांच्या हिरड्यांतून रक्त येई. त्यावर सरकारने हा उपाय काढला होता. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आवळे यायचे, बायका ते किसून सावलीत वाळवायच्या, मग दळून गोळ्या पाडायच्या. पाथर्डीकडची रंगुबाई या बायकांची मुकादम. तिचा एकुलता एक सहादेव ब्रह्मदेशातच होता.

शामकांतने तिसऱ्यांदा वाचलं. "आई, सरकारी गोळी लई आंबट. तोंड वाकडं होतं. तू पाठवलेली आवळ्याची पूड गोड लागते. मी तीच खातो आणि गोळ्या जोडीदाराला देतो. हिरड्यांतून रक्त येतं थोडं, पण काळजी करू नको."

"बगा!" रंगुबाई म्हणाली, आणि दिवसभर तिची मान ताठ राहिली.

ती पूड तिने याच हंगामाच्या सुरुवातीला पार्सलने धाडली होती. आवळे तीनदा उकळले, दर वेळी तुरट पाणी ओतून दिलं, कडक उन्हात वाळवले, वर रेशनची साखर घातली. त्या साखरेसाठी बाई दोन महिने बिनसाखरेचा चहा प्यायली होती. आता अशा पुडीपुढे सरकारची गोळी कोणत्या आईला पटेल? 'विस्तव नको, ऊन नको' हे शामकांतचं पालुपद तिला पुस्तकी खूळ वाटे.

पुढच्याच आठवड्यात शामकांत दोन दिवस पुण्याला गेला. रंगुबाईने दहा पाट्या आवळे चुलीवर चढवले.

"सायेब वरडत्याल," मालनबाई म्हणाली. ती किसणीवर बसायची.

"वरडू दे. पोरं तोंड वाकडी करून गोळी टाकून देत्यात, मग ती काय कामाची? ओत त्ये पानी."

पाणी गटारात गेलं आणि आवळे उन्हात.

शामकांत आला, त्याने तपासणीसाठी त्या मालाची पूड पाण्यात कालवली आणि वरून काचेच्या नळीतून निळं औषध थेंब थेंब सोडलं. दुसऱ्याच थेंबाला पेला गुलाबी झाला. तो खरोखरच ओरडला. रंगुबाईने सगळं कबूल केलं. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. "पर आवळा त्योच हाय न्हवं?" तिने विचारलं.

शामकांतने रागातच सावलीत वाळवलेली पूड दुसऱ्या पेल्यात कालवली. निळा थेंब पडे आणि नाहीसा होई. रंगुबाई मोजत होती. चाळीस थेंब झाले तेव्हा कुठे गुलाबी रंग टिकला.

"हे निळं औषध थोड्या आंबटानेही गुलाबी होतं, पण हिरड्या बऱ्या करणारं सत्त्व हा रंग खातं," तो म्हणाला. "ते पाण्यात उतरतं, उकळल्यावर आणि उन्हात मरतं. सत्त्व गेलं की रंग खायला कोणी उरत नाही. तुम्ही ते ओतून दिलंत, रंगुबाई. आता राहिला तो चोथा."

रंगुबाई घरी गेली आणि एक डबा घेऊन आली. तळाशी मूठभर पूड होती, सहादेवला पाठवून उरलेली.

"ह्ये बी बगा."

पत्र वाचणारा शामकांतच होता. त्याचा राग एकदम उतरला. "राहू द्या," तो म्हणाला.

"बगा म्हनते न्हवं."

त्याने एक थेंब सोडला. पेला गुलाबी झाला तो तसाच राहिला.

आपण पोराचं औषध आपल्या हाताने गटारात ओतलं आणि चोथ्याला साखर लावून त्याला धाडलं, हे तिला कळलं. शिवाय सहादेव बरी करणारी गोळी दुसऱ्याला देत होता, तेही आईवरच्या भरवशाने. ती स्टुलावर बसली.

"सायेब, कार्ड लिवा," ती म्हणाली. "माजी पूड खाऊ नगं. फेकून दे. सरकारी गोळी खा, आंबट लागली तरी खा, कुनाला दिऊ नगं."

"फेकून कशाला? चवीपुरती खा, असं लिहू का?"

"न्हाई. जवळ ठिवली तर त्यो तीच खाईल. फेकून दे म्हंजी फेकून दे."

त्याने लिहिलं.

"पोचायला किती दिस?"

"महिना. कधी दीड."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मध्येच सोडून दिलं. "मंग दोन लिवा. येक गहाळ झालं तर दुसरं पोचंल."

शामकांतने तीन लिहिली.