गुरुवारचं लाल पोलकं

मेलेल्या माणसावर जळायची मला लाज वाटते. पण लुंगिसाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दर गुरुवारी तो माझ्या बायकोला घेऊन जायचा, मग मी काय करायचं?

इथे दक्षिण आफ्रिकेत, म्दांत्सानेच्या सरकारी कचेरीत झोलेकाचं आणि माझं लग्न रीतसर नोंदलेलं आहे. कायद्यानं मी तिची बायको, ती माझी. पण चर्चच्या लेखी ती अजून लुंगिसाची विधवाच. गुरुवारी तिथे बायकांची प्रार्थना असते. लाल पोलकं आणि पांढरी टोपी, हा त्या बायकांचा गणवेश घालून झोलेका निघायची. फाटकाशी लुंगिसाची आई, मामतोलो, उभीच. म्हातारीचे गुडघे गेलेले, सुनेचा दंड धरून ती चर्चपर्यंत जायची.

"नोसाखे, आटप गं."

नोसाखे हे सासरचं नाव, लग्नात त्यांनी ठेवलेलं. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला तर म्हातारी नावानं हाकही मारायची नाही. 'तुझ्या घरातली ती', एवढंच. आणि त्या पोलक्याला इस्त्री कोण करायचं? मीच.

मग एका रविवारी मामतोलो पाळकसाहेबांना घेऊन घरी आली. मी चहा ठेवला.

"बायका कुरबुर करतायत, झोलेका," पाळक म्हणाले. "सरकारचा कायदा सरकारपाशी. आपल्या चर्चला असलं लग्न चालत नाही. तुम्ही दोघी नुसत्या एका घरात राहता, एवढं सांग. पोलकं तुझंच राहील."

"नुसत्याच राहतात की," मामतोलो चहात बिस्किट बुडवत म्हणाली. "माझ्या लेकाची बायको आहे ती."

मी झोलेकाकडे बघितलं नाही. ती हो म्हणाली असती, तर त्याच संध्याकाळी मी बॅग भरली असती.

"लेक तुमचा गेला, आई," झोलेका म्हणाली. "ही माझी बायको आहे."

आत जाऊन तिनं पोलकं आणलं आणि पाळकांच्या मांडीवर ठेवलं. घडी माझ्याच हातची होती.

जिंकले मी. दुसऱ्या दिवशी कोंबडी केली, मोठ्यानं गाणी लावली. झोलेका नीट जेवली नाही.

गुरुवारी ती खिडकीशी उभी होती. बाहेर फाटकाचा खांब धरून मामतोलो. हाक नाही, काही नाही.

"जा ना, पोचवून ये," मी म्हणाले.

"आणि दारातून परत फिरू? आत त्या गात असताना? नाही जमणार मला."

तिचे डोळे भरले. लुंगिसासाठी ती माझ्यादेखत कधी रडली नव्हती. इतकी वर्षं मी भलत्याच माणसावर जळत होते. तिला हवी होती ती ही खडूस म्हातारी आणि तिचा गुरुवार. हे कळल्यावर तर मी आणखीच जळले.

पण तिला तसं खिडकीशी बघवेना. मी चपला घातल्या, फाटकाशी गेले आणि दंड पुढे केला.

मामतोलोनं माझा कामावरचा मळका झगा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग दंड धरला, चांगला घट्ट. आम्ही चार पावलं गेलो असू.

"नोसाखे हळू चालायची," ती म्हणाली.

तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि पाऊल आखूड केलं.