खिल्लारे सरांचा हात

पौषातलं ऊन तुरीवर उतरलं की वाळत चाललेल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळू लागतात, आणि त्या खुळखुळाटात उभे असलेले खिल्लारे सर एखादी शेंग बोटांच्या टोकांनी अशी अलगद उचलतात की जणू झाडाला कळूही द्यायचं नाही. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या शिवारातलं त्यांचं हे वडिलोपार्जित रान. किंचित पुढे झुकलेला उंच देह, कानशिलांवर पिकलेले केस, आणि स्वर इतका संथ की ऐकणाऱ्याचाच श्वास लांबतो. मला मात्र त्यांचा हातच आठवतो. जेट विमान उडवायला मी त्या हाताकडून शिकलो, आणि त्याच हाताला मी बट्टा लावला. या पौषात सुट्टीवर आलो, तो हे त्यांना सांगायचंच असं ठरवून.

आमच्या जिल्ह्यापासून फार दूर, वायुदलाच्या प्रशिक्षण तळावर, हिंगोलीकडचे आम्ही दोघंच होतो. ते शिक्षक, मी शिकाऊ वैमानिक. चारचौघांत त्यांची इंग्रजी इस्त्रीच्या कपड्यासारखी. पण आकाशात माझी मूठ घट्ट झाली की हेल्मेटमध्ये आमचा मुलूख बोलू लागे. "काहून आवळून राहिला? लेकराचं बोट धरल्यावानी धर." विमानाची नियंत्रणं बिघडली तर काय करायचं, हे त्यांनी किती वेळा घोकून घेतलं असेल! आधी उंची राखायची. विमान कुठं ऐकतं, कुठं ऐकत नाही, ते न झगडता पारखायचं. अंगातलं बळ सगळ्यात शेवटी. ही शिकवण त्यांच्या स्वभावाचीच सावली होती.

आमचं घर वसमतच्या बाजूचं, हळदीचं. हळद शिजवून, वाळवून, घोळून झाली की पहिल्या ढिगातलं एक ठसठशीत हळकुंड आई देवापुढे ठेवते, आणि घरातलं कुणी मोठ्या कामाला निघालं की ते त्याच्या खिशात घालते. उड्डाणापूर्वी खिसे रिकामे करायचे, हा नियम मला तोंडपाठ होता. कॉकपिटमधली सुटी वस्तू म्हणजे वैरीण, हेही ठाऊक होतं. पण आईनं दिलेलं हळकुंड ही वस्तू आहे, असं मला कधी वाटलंच नाही. त्या सकाळी ते पोटरीवरच्या खिशात होतं आणि खिशाची चेन अर्धवट लागलेली होती.

मी पुढच्या आसनावर, सर मागच्या; दोघांपुढे विमान कलवायची एकेक स्टिक, आतून एकमेकींना जोडलेल्या. उलटी गिरकी घेऊन विमान सरळ करू लागलो, तर स्टिक डावीकडे येईचना. उजवा पंख खाली कलत चालला आणि मी स्टिक आणखीच आवळली. "सोड. माझ्याकडं दे," सर म्हणाले, चहाचा कप मागावा तसे. मागून त्यांना फक्त अडकलेपण जाणवत होतं. अडकलं कशानं, हे दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी स्टिकशी झुंज घेतली नाही. पायांखालच्या पेडलनं पंख सावरला, उंची घेतली, तिथं चाकं खाली सोडून वेग हळूहळू उतरवत विमान कुठवर ऐकतंय ते पाहिलं, आणि मला बजावलं, "उडी म्हनलो की हँडल वढायचं. इचारायचं न्हाई." मग लांबवरून, सरळ रेषेत, ते लंगडं विमान त्यांनी धावपट्टीवर आणलं. टेकताना पंख कलला, एक चाक मोडलं, आणि आम्ही पट्टी सोडून गवतात जाऊन थांबलो.

त्या धक्क्यानं स्टिकच्या बुडाशी अडकलेलं काहीतरी सुटून माझ्या बुटाशी घरंगळत आलं. हळकुंडच होतं. मी ते उचलून खिशात टाकलं, तेव्हा सर मागून विचारत होते, "लागलं का रे तुला?"

चौकशीत स्टिक चारी दिशांना लोण्यासारखी फिरली. विमानात दोष सापडला नाही, म्हणून तो वैमानिकाच्या, म्हणजे सरांच्या, हातात शोधला गेला. कॉकपिटमध्ये काही दिसलं का, असं मला विचारलं. मी म्हणालो, "नाही, सर." खरं बोललो असतो तर घरी पाठवला गेलो असतो, एवढीच माझी भीती. भ्याड होतो, दुसरा शब्द नाही. माझ्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले आणि सरांचं उडणं बंद करून त्यांना टेबलामागं बसवलं गेलं. काही वर्षांनी ते निवृत्ती घेऊन गावी परतले. आज मी स्वतः शिकवतो. माझा हात हलका आहे असं शिष्य म्हणतात, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं.

सेनगावहून जीपनं पुसेगावला गेलो. सर आता काहीच चालवत नाहीत. कुठं जायचं तर एसटी, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर. का, म्हणून विचारलं तर हसून म्हणाले, "हाताचा भरवसा न्हाई राहिला, गड्या."

मग बांधावर, लख्ख उन्हात, मी सगळं सांगितलं. वरिष्ठांना द्यायचं कबुलीचं पत्रही लिहून नेलं होतं; ते त्यांनी उघडलं नाही. त्यांनी चिडावं, मारावं, निदान तोंड फिरवावं, अशी माझी इच्छा होती. ते खाली बसले. उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवून, त्याच्याकडे पाहत, ते परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या आवाजात म्हणाले, "मंग त्या दिशी... माझा हात बराबर होता?"

"व्हय, सर. बराबर होता."

त्यांचे डोळे भरून आले. काळ सगळं विसरायला लावतो म्हणतात. पण जे आकाश त्यांचं होतं त्यात इतकी वर्षं मी उडालो, आणि ते आता मला त्यांना कधीच परत देता येणार नाही.