तुमचा खून हवाय!

हॅलो, हॅलो! ऐकू येतंय ना? मी कॉलर माइक बोलतोय. हो, शर्टाला चिमट्याने अडकवतात ना, तोच. एरवी लोक बोलतात आणि मी निमूट ऐकतो. आज माझी पाळी.

करोल बागेतल्या दुकानातून मला अनिशने आणलं. गडी लातूरहून स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलेला. 'अभ्यास कसा करावा' यावर व्हिडिओ करायचा आणि अभ्यास सोडून सगळं करायचा! आईने फोनवर झापलं, तसा मी खणात जाऊन पडलो, धूळ खात. अपमानच की हो!

मग मयुराने मला अनिशकडून मागून नेलं. ही कॉलेजातली पोर, जन्मापासून दिल्लीची. तिच्या आजीचं, इंदुमतीबाईंचं, मोठं ऑपरेशन ठरलं होतं आणि रक्तदाते मिळत नव्हते. मराठी मंडळाच्या मुरलीधरकाकांनी आवाहन लिहून दिलं, तेही 'रुधिर' वगैरे घालून. मयुराची बोबडीच वळली.

"रहने दो काका, मी माझ्या शब्दांत बोलते."

आणि बोलली हो, डोळ्यांत पाणी आणून!

"माझ्या आजीसाठी आम्हाला तुमचा खून हवाय. प्लीज, रविवारी मंडळात या. घाबरू नका, दहा मिनिटांत खून होतो. नंतर बिस्किटं देऊ."

मी आतल्या आत तडफडलो. अगं बाई, खून म्हणजे रक्त ते हिंदीत! पण माझं काम आवाज पोचवायचं, सुधारायचं नाही. व्हिडिओ गेला.

लगेच काकांचा फोन. "डिलीट कर आधी! मंडळात पोलीस येतील!" तोवर गुरगावपासून नोएडापर्यंतच्या मराठी माणसांनी तो एकमेकांना पाठवून धमाल उडवली होती. मयुरा हमसून हमसून रडली. "आता कोण येणार, यार? माझ्या आजीचं काय होणार?" मलाही भरून आलं.

रविवारी बघतो तर मंडळाबाहेर ही रांग! ऑफिसवाले, परीक्षावाले, सगळे. अनिश सर्वांत पुढे. "काका, खून करून घ्यायला कुठे झोपायचं?" काकांना हसून हसून ठसका लागला.

तेवढ्यात अनिशने विचारलं, "मयुरा, तू दिलंस?" बाईसाहेब बिस्किटं मोजायला लागल्या. सुईला टरकतात ना! शेवटी डोळे घट्ट मिटून आडवी झाली. मी तिच्या कुर्त्यालाच होतो. छातीची धडधड मला स्पष्ट ऐकू येत होती. सुई टोचली तशी ती "आजी गं!" म्हणून किंचाळली.

आजी आता घरी आल्यात, रोज नातीचं मराठी घासून घेतात. माझा चिमटा सैल झालाय, आवाजात खरखर आलीय, पण एवढं सांगतोच. पुढच्या रविवारी परत शिबिर आहे. या वेळी आजी दुसऱ्या कुणाची तरी आहे. तरी या.