एक तरी फोड शाबूत आणा

म्हाताऱ्या नवऱ्याला नागपूरच्या चामडीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, म्हणून पंचफुलाबाईंनी त्याच्या अंगावरचे सगळे फोड बाभळीच्या काट्यानं फोडले आणि कडुलिंबाच्या पाण्यानं त्याला घासून आंघोळ घातली. एवढ्या मोठ्या माणसापुढं गबाळं कसं जायचं?

डॉक्टर कडाडले, "फोडच नाहीत, तर तपासू काय? म्हातारपणातला दुर्मिळ रोग दिसतोय. एक तरी फोड शाबूत आणा!"

आठवड्यानं मांडीवर नवा फोड उठला. बाईंनी त्यावर वाटी उपडी बांधली आणि उमरेड-नागपूर एसटीत शेजारच्यांना कोपरानं ढकलत तो जपून आणला.

डॉक्टर खूश झाले आणि सुई घेऊन वाकले. बाईंनी त्यांचा हात धरला.

"आता तुम्ही काहून फोडून राहिले? मी फोडले तं मोठे बोंबलले होते!"