खिडकीची फट आणि खात्याची मेणबत्ती

घरखात्याचे साहेब, शिंप्याच्या घरात वारा तुम्ही सोडलात. उत्तरेच्या खिडकीची चौकट कुजली तेव्हा ती तुमची होती, बिजागरी निखळली तेव्हाही तुमचीच, आणि भाडं तर दर महिन्याला तुमचंच असतं. मग त्या चौकटीतून आत येणारा वारा तेवढा शिंप्याचा कसा झाला? तुमच्या फायलीत लिहिलंय, 'खिडकी ठीक.' आता फायलीत जे नाही ते ऐका.

शिंप्याचा बाप, आबा, चाळीस वर्षं बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य फुंकायचा. बँड रस्त्याच्या त्या टोकाला असला तरी या टोकाच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. आता त्याच छातीचा फाटका भाता झाला होता. गेल्या हिवाळ्यात त्याचे एकोणीस दिवस दवाखान्यात गेले. निघताना डॉक्टरीणबाईंनी शिंप्याला बाजूला घेतलं. "औषध मी देते, वारा तुम्ही बंद करा. त्या खिडकीखाली अजून एक हिवाळा काढलात तर मला बोलवू नका, उपयोग व्हायचा नाही."

खाट हलवायला जागा कुठे? दीड खोली. एका भिंतीला शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला कापायचं टेबल, तिसरीला शेगडी. आबाची खाट मावायची ती खिडकीखालीच.

शिंप्याने उन्हाळ्यातच अर्ज केला. घरात कोरा कागद नव्हता, म्हणून बाहीचा आकार काढलेल्या खाकी कागदाच्या पाठीवर त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, की चौकट बदलून मिळावी, घरात आजारी माणूस आहे. उन्हाळा गेला, पानगळ झाली, शेजारणीच्या नाकाला पाणी सुटलं, तरी खात्याचं माणूस काही येईना. शेवटी शिंपी चिडला आणि त्याने खिडकी स्वतःच शिवून काढली.

शिवून म्हणजे अक्षरशः शिवून. जाड कोटांच्या कातरणीत कापूस भरून त्याने बोटाएवढ्या जाडीच्या लांब वळकट्या शिवल्या, खळ लावून फटींत दाबल्या, वरून चौकटीच्याच रंगाचं अस्तर ताणून बसवलं. टाका कुठे आहे ते शोधून दाखवावं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, तपासनीस दुपारी येतोय.

"उसवा ते," शिंपीण म्हणाली.

"काल घातलेला टाका आज उसवू? तोही इतका सरळ आलेला?"

"टाका बघायला येतोय का तो? वारा बघायला येतोय."

"चौकट कुजलीय ती आंधळ्यालाही दिसेल. त्यात काय उसवायचं?"

"तुमचा हात चालतो तेवढं डोकं चाललं असतं तर," शिंपीण म्हणाली आणि वाक्य अर्धं सोडून तिने शेगडीत कोळसे घातले. कारण तीही कमी नव्हती. घरी आलेल्या माणसाला थंडी वाजलेली तिला खपायची नाही.

तपासनीस आला. गळ्यात मफलर, हातात पत्र्याची डबी, डबीत मेणबत्ती. सगळी वस्ती त्याला मेणबत्तीवालाच म्हणायची. खात्याचा नियम असा, की खिडकीपासून वीतभर अंतरावर मेणबत्ती धरायची. ज्योत बोटभर कलली तर खिडकी नवी, नाही कलली तर जुनी बरी.

त्याने मेणबत्ती धरली. ज्योत वर्गात उभं केलेल्या पोरासारखी ताठ उभी राहिली.

शिंपिणीने उगाच फडकं झटकायला घेतलं. "बाई, धूळ मागाहून काढा," मेणबत्तीवाला म्हणाला. मग खाटेवरून आबाने गाल फुगवले. डोळे मिटले, छाती ओढून घेतली आणि फुंकर मारली. ज्योत ढिम्म. पुन्हा मारली. नुसती मिशी हलली. रस्ताभर तावदानं वाजवणाऱ्या माणसाला हातभरावरची मेणबत्ती वाकवता येईना, हे शिंप्याने बघितलं आणि मान फिरवून मशीनमधला दोरा ओवायला लागला. दोरा ओवलेलाच होता.

एवढ्यात आबाला ठसका लागला. त्या ठसक्याने मेणबत्ती विझली.

"विझली की," शिंपीण म्हणाली.

"खोकल्याने विझली. खोकला खात्याकडे येत नाही." मेणबत्तीवाल्याने कागदावर लिहिलं, ज्योत सरळ, खिडकी ठीक. मग चौकटीवरून बोट फिरवलं आणि थबकला. "हे काय आहे?"

"मी शिवलंय," शिंपी म्हणाला. एवढ्यातही त्याच्या आवाजात थोडी ऐट होतीच.

"परवानगी?"

"कशाची?"

"मास्तर, खात्याच्या भिंतीला परवानगीशिवाय चिंधीसुद्धा लावता येत नाही. सात दिवसांत काढून टाका."

"काढलं की वारा येईल."

"येईल ना."

"मग खिडकी बदलाल?"

"तपासणी झाली की आत्ता. पुढची पुढच्या हिवाळ्यात." मफलर गुंडाळत तो दारात वळला. "हात मात्र सोन्याचा आहे हं तुमचा."

सातव्या दिवशी शिंप्याने सगळं उसवलं. आबाने अंगात स्वतःचा कोट घातला आणि त्यावर गिऱ्हाइकाचा. "गिऱ्हाईक आलंच तर मला दारात उभा कर," तो म्हणाला. "कोट कसा बसलाय ते तरी दिसेल." बोलून झाल्यावर तो बराच वेळ खोकत होता.

आठव्या दिवशी मेणबत्तीवाला खात्री करायला आला. उघड्या फटीला हात लावून त्याने 'अरे बापरे' म्हटलं आणि घसा खाकरला. "मास्तर, एक काम होतं. साहेबांच्या खोलीत फार वारा येतो. तुम्ही इथे केलं होतं ना, तस्संच करून द्या."

शिंपीण काही बोलणार तेवढ्यात आबा म्हणाला, "जा रे. माप नीट घे."

साहेबांची खोली आबाच्या घराच्या तिप्पट. साहेब गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसले होते. शिंप्याने कॉलरला टोचलेली दाभणासारखी जाड सुई काढली आणि फट चाचपली. फटीत कागद कोंबलेले होते. सुईच्या टोकाने त्याने एक ओढला. पाववाल्याचा अर्ज, धुरांडं फुटलंय. दुसरा सुईणबाईंचा, छत गळतंय. तिसरा खाकी. उलटून बघितला तर बाहीचा आकार.

"ते राहू द्या, वारा येतो," साहेब म्हणाले.

"हा माझा अर्ज आहे."

"असेल. जाड कागद आहे, छान बसतो."

खालपासून वरपर्यंत एकेक अर्ज उपसून शिंप्याने टेबलावर रचला. वारा सुसाट आत घुसला आणि फायलींची पानं खोलीभर उडाली. मग त्याने मेणबत्तीवाल्याच्या हातून मेणबत्ती घेतली, पेटवली आणि खिडकीपासून वीतभर धरली. ज्योत आडवीच झाली.

"बोटभर का हातभर?" त्याने विचारलं. मेणबत्तीवाला जमिनीवरचे कागद गोळा करण्यात फारच गुंतला होता.

"कळलं, कळलं. शिवा आता लवकर," साहेब म्हणाले.

शिंप्याने सुई कॉलरला परत टोचली. "खात्याच्या भिंतीला चिंधी लावायची नाही. तुमच्याच माणसाने सांगितलंय."

"मी देतो ना परवानगी."

"मला आधी चौकट लिहून द्या. चिंधी मग."

"रीतसर उत्तर तीस दिवसांत मिळेल."

"द्या," शिंपी म्हणाला आणि त्याने स्टूल ओढलं, अगदी फटीसमोर. "माझा बाप तसल्याच वाऱ्यात बसलाय. आपणही बसू."

साहेब, तो अजून बसलाय. तुमचं नाक लाल झालंय आणि घोंगडी कानापर्यंत आलीय. तिकडे दीड खोलीत शिंपीण अर्ध्या अर्ध्या तासाने आबाच्या पायाशी गरम पाण्याची बाटली बदलतेय, आणि प्रत्येक वेळी त्याची छाती हलतेय ना, ते बघतेय. पेन तुमच्या हातात आहे, शाई अजून गोठलेली नाही. आबाच्या खाटेवरच्या खिडकीला नवी चौकट कोणत्या तारखेला बसणार? नियम नकोत, तारीख सांगा.