सोन्यानंतरचा खड्डा

संग्रहालयाच्या या काचेच्या पेटीत, सोन्याच्या नाण्याच्या डाव्या हाताला जे बुटके फावडे टेकवून ठेवले आहे, ते मी. नाणे पाहून झाले असेल तर जरा इकडे वळा. माझ्याखालच्या पाटीवर लिहिले आहे, 'याच फावड्याने हे नाणे जमिनीतून वर आले.' ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. त्या अर्ध्या खऱ्याशेजारी मला रोज उभे राहावे लागते. लाजेने मान खाली घालावी म्हटले, तर मला मान नाही. दांडा आहे, आणि तो ताठच राहतो.

माझा जन्म बागेतले साधे फावडे म्हणून झाला. कुणाकडे तरी बटाटे काढले, दांडा मोडला आणि भंगारात पडलो. तिथून मला नेव्हिल प्राइकने उचलले. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या या गावात त्याने जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. रविवारी तो मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरायचा. त्याने माझे पाते दोन्ही बाजूंनी कापून साडेचार इंचांवर आणले, धार लावली, आखूड लोखंडी दांडा जोडला आणि वर आडवी मूठ बसवली. हे त्याने स्वतःसाठी केले नव्हते. कीथ लार्टर नावाचा शाळेच्या बसचा ड्रायव्हर नुकताच शोधकांच्या क्लबात आला होता, त्याच्यासाठी केले होते.

पहिल्या दिवशी नेव्हिलने गुडघे टेकून त्याला शिकवले.

"हे बघ कीथ, गवत तीन बाजूंनी कापायचं. चौथी बाजू तशीच ठेवायची, दाराच्या बिजागरीसारखी. झाकण उलटायचं, मिळेल ते घ्यायचं, माती परत भरायची, झाकण मिटायचं आणि वर पाय द्यायचा."

"आणि काहीच नाही मिळालं तर?"

"तर दोनदा पाय द्यायचा. जमीन दुसऱ्याची आहे, निराशा आपली."

सात वर्षे आम्ही तसेच वागलो. गुंड्या मिळाल्या, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या, आणि बियरच्या डब्यांच्या कड्या तर पोत्याने मिळाल्या. सोने आणि डब्याची कडी यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक कडी खणावी लागते. पण आम्ही उठून गेल्यावर तिथे कुणी खणले होते हे गाईलाही कळत नसे. याचा मला अभिमान होता. आता तो शब्द उच्चारायचा मला अधिकार नाही.

मिसेस गुडरम यांचे कुरण उतारावर आहे. वरचा भाग कीथचा, खालचा ओढ्याकाठचा नेव्हिलचा, अशी दोघांनी वाटणी केली होती. दुसऱ्याच्या भागात यंत्र फिरवायचे नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो जास्त कडक आहे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, अकराच्या सुमारास, मी वीतभर खाली गेलो आणि माती पिवळी चमकली. कीथने नाणे उचलले आणि बाहीवर पुसले. मग त्याने खाली ओढ्याकडे हाक मारली.

"नेव्हिल. इकडे या. पळू नका, पण लवकर या."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चढ चढून आला, गवतात बसला आणि त्याने टोपी काढली. दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे, काल पाडल्यासारखे. चाळीस वर्षे हा माणूस मातीत वाकला होता आणि सोने एकदाही त्याच्या वाट्याला आले नव्हते. तरी त्याच्या चेहऱ्यावर हेव्याचा कण नव्हता.

"नाच ना मग," तो म्हणाला. "पहिल्या सोन्याला नाचायचं असतं."

कीथ नाचला, बसच्या ड्रायव्हरने नाचावे तसा, फक्त कमरेच्या वर. तोवर नेव्हिलने नाण्याचा खड्डा स्वतः बुजवला आणि वर पाय दिला.

मग सगळे मिसेस गुडरम यांच्या स्वयंपाकघरात. मी दाराबाहेर टेकलेला, चिखलासकट. आत चहा झाला, केक कापला, नाणे बशीत ठेवले. नाण्यावर घोडा होता, पाय धडापासून सुटे काढलेला.

"हा घोडा काढलाय की मोडलाय?" मिसेस गुडरम म्हणाल्या. "याच्यापेक्षा आमचा टर्निप देखणा."

टर्निप म्हणजे त्यांचे सव्वीस वर्षांचे तट्टू. नवरा गेल्यापासून सकाळचे पहिले वाक्य त्या त्याच्याशीच बोलत.

"माझं सामान राहिलंय वर, आणतो," असे म्हणून कीथ बाहेर आला. त्याने यंत्र उचलले, मला उचलले. आणि वर गेला नाही. सरळ खाली ओढ्याकडे गेला, नेव्हिलच्या भागात. एक सोने सापडले तर दुसरे उतारावरून खाली घरंगळले असेल, हा त्याचा हिशोब. यंत्र वाजले, अगदी सोन्यासारखे. त्याने मला चारही बाजूंनी गवतात घातले, झाकण तोडून लांब फेकले आणि कोपरभर खणले. असा मी कधी वापरलो गेलो नव्हतो. आत काय होते? बियरच्या डब्याची कडी.

तेवढ्यात दारातून मिसेस गुडरम यांची हाक आली. "कीथ, फोटो काढायचाय. केस विंचरून या."

तो धावला, मला हातात घेऊन. खड्डा उंच गवतात उघडा राहिला.

सोमवारी सकाळी मिसेस गुडरम यांनी टर्निपला कुरणात सोडले. त्याचा पुढचा पाय त्या खड्ड्यात गेला आणि गुडघ्याखाली मोडला. जनावरांचा डॉक्टर आला, असा पाय जुळत नाही म्हणून त्याने शेवटची सुई दिली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत टर्निप नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना खड्ड्यापाशी बोलावून घेतले. बाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरे झाले असते.

"हा कुणाचा?"

"जागा माझी आहे," नेव्हिल म्हणाला.

"जागेचं मला ठाऊक आहे. मी खड्ड्याचं विचारतेय."

नेव्हिल खाली बसला. त्याने कडेवरून बोटे फिरवली. "चारी बाजूंनी कापलाय. असा मी कधी..." तो थांबला. त्याचा थोरला भाऊ शेवटच्या वर्षी स्वतःच्या मुलांना ओळखत नव्हता, आणि नेव्हिलला जगात फक्त त्या एका गोष्टीची भीती होती. गावाला हे माहीत होते. कीथला तर सर्वांत जास्त.

"मी हा खणल्याचं मला आठवत नाही," नेव्हिल म्हणाला. "पण गेल्या महिन्यात किटली गॅसवर ठेवून मी बाजारात निघून गेलो होतो. तेही आठवत नाही. माझाच असणार हा, बाई. मला माफ करू नका."

या क्षणी कीथने तोंड उघडायला हवे होते. त्याने तोंड उघडले, आणि म्हणाला, "थांबा, मी बुजवतो."

त्याने मला मातीत घातले. ज्या खड्ड्याने खरे सांगितले असते, त्यात माती लोटली ती मीच. वर मिसेस गुडरम म्हणाल्या, "निदान तुम्हाला तरी रीत आहे, कीथ." तो माती भरून वर पाय द्यायलाही विसरला नाही.

माझे पाते साडेचार इंचांचे आहे, नेव्हिलच्या फावड्याचे सहा इंचांचे. दोन्ही त्या कडेला लावून पाहिली असती तर निकाल लागायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता. कुणी मोजले नाही. मोजायला आला तो बातमीदार. त्याने नाण्याची रुंदी विचारली, वजन विचारले, कीथला फाटकावर बसवून हसायला लावले. ज्या कुरणात त्याच आठवड्यात एक जनावर मेले होते, त्याला त्याने 'सोन्याचे कुरण' म्हटले. बाईंच्या दाराशी रिकामा लगाम टांगलेला होता, तो त्याने फोटोत नको म्हणून बाजूला करायला सांगितला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घोड्याबद्दल पाव पान, आणि कालच्या घोड्याबद्दल एक ओळ नाही. असल्या लिखाणाला हे लोक बातमी म्हणतात.

क्लबाने नेव्हिलला काढले नाही. तो स्वतःच गेला. त्याने यंत्र विकले, गाडी चालवणे सोडले. त्याच्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लागल्या: गॅस, नळ, मागचे दार. डॉक्टरांनी त्याची स्मरणशक्ती तपासली आणि वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. पण नेव्हिलचा विश्वास बसला नाही. डॉक्टरांनी तो खड्डा पाहिला नव्हता.

एकदा कीथ त्याच्या घरासमोर गाडी लावून अर्धा तास बसला. मी मागच्या सीटवर होतो. पडदा हलला, नेव्हिलने हात केला. कीथनेही हात केला आणि गाडी सुरू केली. त्यानंतर त्याने मला संग्रहालयाला देऊन टाकले. लोक म्हणाले, केवढा मोठेपणा. मला ठाऊक आहे, घरात मी त्याच्या डोळ्यांसमोर नको होतो.

गेल्या महिन्यात नेव्हिल इथे आला. मुलगी रोझलिन त्याला हाताला धरून आणत होती. कीथ, सुट्टीच्या दिवशी इथे करतो तसा, पाहुण्यांना नाण्याबद्दल सांगत होता. त्या दोघांना पाहून तो मधेच थांबला.

रोझलिनने काचेवर बोट ठेवले. "डॅड, हे तुम्हीच केलेलं ना? हा जोड तुमचाच आहे."

नेव्हिल वाकला. माझा सांधा त्याने बराच वेळ पाहिला. हाताने स्वतः वितळवून बसवलेला सांधा. त्याची बोटे हलली, ओळख पटल्यासारखी. मग तो सरळ झाला.

"असेल," तो म्हणाला. "वाटतं तरी तसं. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस, पोरी. कीथला विचार."

रोझलिनने कीथकडे पाहिले. पाहुण्यांनीही पाहिले.

"तुम्हीच केलंत, नेव्हिल," कीथ म्हणाला.

"बरं झालं सांगितलंस," नेव्हिल म्हणाला. "तू आहेस म्हणून, नाही तर मला कुणी सांगायचं?"

कीथने रुमाल काढला आणि काच पुसू लागला. काच स्वच्छच होती.

तुम्ही आता बाहेर पडाल. चर्चच्या भिंतीशी बाकावर एक वृद्ध माणूस बसलेला दिसेल, हातात चिठ्ठी, घरातून काय घेऊन निघालो याची. मला पाते आहे, जीभ नाही. तुम्हाला आहे. त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा आणि एवढेच सांगा: नेव्हिल, तुमचे डोके शाबूत आहे. तो खड्डा कीथचा होता, आणि माझा.