कात्रीचा स्वेटर

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एक जुना दंडक होता. कोणताही अर्थ कोशात जायचा, तर आधी तो खोलीत बसवून दाखवायचा. म्हणजे समोर दिसणाऱ्या एखाद्या वस्तूवर नाहीतर माणसावर त्या शब्दाचं साधं, कुणाच्याही तोंडी येईल असं वाक्य करायचं. ते ऐकून कुणी मान वर केली नाही, तर अर्थ पास. कुणी दचकून पाहिलं, की अर्थ बाहेर. हा दंडक इथल्या जुन्या संपादकांनी, म्हणजे लेकीच्या बाबांनी, घातला होता आणि त्यापायी इतके शब्द छाटले होते, की सगळे त्यांना कात्री म्हणत. तोंडावर म्हणत. बाबांनाही ते आवडायचं.

बाबा वारले आणि कात्रीचं टेबल कामासकट लेकीकडे आलं. पहिल्या खंडाची उरलेली पानं आज संध्याकाळी छपाईला जायची होती, आणि दोन गोष्टी अडल्या होत्या. एक, 'अॅडॉर्न' या शब्दाची नोंद. बाबांच्या हातून ती अर्धीच राहिली होती. दुसरी, पहिल्या पानावरचा बाबांविषयीचा मजकूर.

तो मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी लिहिला होता. ज्ञानतपस्वी, शब्दसृष्टीचे सम्राट, भाषेला सोन्याने मढवणारे. लेकीनं तो वाचला. हा माणूस कोण, ते तिला कळेना. कोश वर्षानुवर्षं लोकांच्या घरात राहणार, आणि त्यात बाबांच्या जागी हा कुणी परका सम्राट पाय पसरून बसणार. पण लिहिताना साहेब चष्मा पुसायला थांबले होते, हेही तिनं पाहिलं होतं. आता त्यांना सांगायचं कुणी?

तिनं आधी नोंद हातात घेतली. समोर मुद्रितं तपासणारे काका बसले होते. ते एक शब्द बोलून थांबत, मग पुढचा बोलत, म्हणून बाबांनी त्यांचं नाव स्वल्पविराम ठेवलं होतं.

पहिल्या अर्थासाठी बाबांनी चार शब्द काढून ठेवले होते. आधी सजवणे. स्वल्पविरामांनी साहेबांच्या टेबलाकडे बोट केलं आणि सावकाश म्हटलं, की साहेबांनी टेबल पेपरवेटांनी सजवलंय, कागद ठेवायला मात्र जागा ठेवलेली नाही. साहेबांनी मान वर केली नाही. सजवणे पास. मढवणे साहेबांच्याच खुर्चीवर बसलं, कारण ती रेक्झिननं मढवलेली होती, निदान फाटली नव्हती तिथं तरी. नटवणेसाठी स्वल्पविरामांनी स्वतःला पुढे केलं. लग्नात आपल्याला असं नटवलं होतं, की बायकोनं नवरा समजून आधी भावाकडेच पाहिलं. शृंगारणे मात्र काही केल्या बसेना. त्या खोलीत साधं कॅलेंडर सरळ टांगलेलं नव्हतं, तिथं शृंगारणार काय?

त्याच गठ्ठ्यात पुढे 'एम्बेलिश' होता. त्याचा अर्थ बाबांनी आधीच पक्का केला होता: पदरचं घालून खुलवणे, तिखटमीठ लावणे. लेकीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं साहेबांचा मजकूर उचलला आणि जरा भीत भीतच विचारलं, की दंडक सगळ्यांना सारखाच ना, मग हेही बसवून पाहू या का?

साहेबांनी आता मान वर केली. पण नाही म्हणाले नाहीत.

"ज्ञानतपस्वी," लेकीनं वाचलं.

"तपस्वी, माझ्या डब्यातली, भाजी, संपवायचे," स्वल्पविराम म्हणाले.

सम्राट तर बसवायच्या आधीच पडला, कारण या सम्राटाला खिडकीजवळची जागा मागायला किती दिवस धीर झाला नव्हता, ते साहेबांनीच सांगितलं. सांगता सांगता ते हसले, आणि हसता हसता पुन्हा चष्मा काढला. सोन्यावर तर कुणी बोललंच नाही. एकेक शब्द गळत गेला आणि कागदावर बाबांच्या नावाखेरीज काही उरलं नाही.

"आता हे असं उघडंबोडकं छापायचं का पोरी?" साहेब म्हणाले. "माणूस काय होता, हे कुठंतरी यायला नको?"

खोटं नको म्हणणं सोपं होतं. पण खरं काय लिहायचं, ते तिलाही सुचत नव्हतं. ती पुन्हा नोंदीकडे वळली. 'अॅडॉर्न'चा दुसरा अर्थ होता: केवळ असण्याने शोभा आणणे. त्यापुढे बाबांची जागा कोरी होती आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वाक्य मिळत नाही.'

तेवढ्यात आई आली. दाराआडच्या खिळ्यावर बाबांचा तपकिरी स्वेटर अजून लटकत होता, तो न्यायला. तो तिनंच विणला होता. एक बाही आखूड झाली होती, आणि बाबा आयुष्यभर सांगत राहिले, की चूक बाहीची नाही, आपल्या हाताची आहे. स्वल्पविरामांनी उठून स्वेटर काढून दिला आणि म्हणाले, वहिनी, कात्रीला, हा, फार शोभायचा.

आईनं स्वेटर उलटसुलट करून पाहिला, झटकला.

"हा कसला शोभतोय? पोतं आहे नुसतं," ती म्हणाली. "ह्यांनी घातला की त्यालाच शोभा यायची."

आणि घडी घालायला लागली.

कुणी मान वर केली नाही. स्वल्पविराम पानांवर वाकलेलेच राहिले, साहेब पेपरवेट इकडचा तिकडे करत राहिले. लेकीनं पेन उचललं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: 'स्वेटर साधाच होता, त्यांनी घातला की त्याला शोभा यायची.' मग पेन्सिलीची ओळ खोडायला तिनं रबर घेतलं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

साहेबांनी पान आपल्याकडे ओढलं, वाचलं. "आला की माणूस इथं," म्हणाले. पहिल्या पानावर फक्त नाव ठेवलं आणि दोन्ही कागद छपाईच्या गठ्ठ्यात सरकवले.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाही आत दुमडताना ती एवढंच म्हणाली, की निदान आता तरी कुणी हिच्या लांबीचा विषय काढू नका.